लेण्यांशेजारचा मुक्काम : पूर्वीचे लोक तिथे राहून ठणठणीत कसे राहायचे?

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं माझ्या पवईच्या दवाखान्यात आलं. दोघंही साठीच्या पुढचे, माझे जुने पेशंट. काकांना 14 वर्षांपासून मधुमेह आणि ब्लडप्रेशर, काकूंना थायरॉइड. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त मुलीने त्यांना सात दिवसांचं 'इको-वेलनेस' पॅकेज भेट दिलं होतं. सह्याद्रीत जुन्या लेण्यांच्या पायथ्याशी मातीच्या भिंतींच्या खोल्या, सेंद्रिय जेवण, वाफेचं स्नान, दिवसातून काही तास मौन आणि रोज पहाटे लेण्यांपर्यंत चालत जाणं, असा सगळा बेत होता. मुलगी स्वतः आदल्या वर्षी मेक्सिकोत माया लोकांच्या प्राचीन अवशेषांजवळ अशाच एका हॉटेलात राहून आली होती. काकूंनी मोबाइलवर तिथले फोटो दाखवले. घनदाट जंगल, त्यातून डोकं वर काढणारं दगडी देऊळ आणि झाडांत लपलेल्या झोपड्या. फोटो खरोखरच सुंदर होते.

काकांना माझ्याकडून फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. रिसॉर्टचा चार पानी फॉर्म त्यांनी पुढे केला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती : शरीरशुद्धी नीट व्हावी म्हणून मुक्कामाच्या काळात नेहमीची औषधं शक्यतो बंद ठेवावीत.

"चालेल ना, डॉक्टर?" काका म्हणाले. "सातच दिवसांचा प्रश्न आहे. आणि पूर्वीच्या लोकांना कुठे होत्या गोळ्या? अशाच जागी राहून ठणठणीत असायचे ते."

मी पेन खाली ठेवलं. त्याचं कारण काकांना माहीत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी माझा एक पेशंट, वय 52, असाच एका ठिकाणी गेला होता. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या चालू होत्या. त्या पहिल्याच दिवशी बंद झाल्या. सहाव्या दिवशी सकाळी उजव्या हातातला कप निसटला आणि बोलणं अडखळायला लागलं. सोबतच्यांना वाटलं, उपवासामुळे अशक्तपणा आला असेल. झोपून राहिले. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. ते मोठ्या हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा ही वेळ टळून गेली होती. आज ते काठी घेऊन चालतात आणि डाव्या हाताने सही करतात. त्यांच्या फिटनेस सर्टिफिकेटवर सही माझी होती. ब्लडप्रेशर मोजलं, ईसीजी पाहिला, सही केली. फॉर्मचं शेवटचं पान मी वाचलं नव्हतं.

म्हणून आजचा लेख. काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. पूर्वीचे लोक अशा जागी राहून खरंच निरोगी राहत असतील, तर ते नेमकं काय करत होते? इतिहासाची मला आवड आहे, आणि या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आपल्या शेजारीच दगडात कोरलेलं आहे.

देवळाशेजारी मुक्काम : जुनी कल्पना

प्राचीन पवित्र जागेजवळ काही दिवस राहावं आणि बरं होऊन घरी यावं, ही कल्पना आजच्या हॉटेलवाल्यांची नाही. ग्रीसमध्ये एपिडॉरस इथे अस्क्लेपिअस या वैद्यदेवतेचं मोठं क्षेत्र होतं. आजारी माणसं तिथे येत, स्नान करत आणि देवळाजवळच्या दालनात रात्री झोपत. देव स्वप्नात येऊन उपाय सांगतो, अशी श्रद्धा होती. येणाऱ्यांसाठी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास तिथे 160 खोल्यांचं अतिथिगृह बांधलं गेलं. पण त्याच परिसरात वैद्यकीय हत्यारंही सापडली आहेत. म्हणजे सगळा भार स्वप्नावर टाकलेला नव्हता.

काकूंच्या फोटोंमधल्या माया संस्कृतीतही बाष्पस्नानाची दगडी घरं होती. ग्वाटेमालातल्या पिएद्रास नेग्रास या शहरात त्यांचे अवशेष आजही दिसतात. माया लोकांची पाण्याची सोयही बघण्यासारखी आहे. तिकाल या त्यांच्या मोठ्या शहरात नदी नव्हती. पावसाचं पाणी तलावांत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं, हाच मार्ग होता. 2020 मध्ये तिकालबद्दल दोन संशोधनं प्रसिद्ध झाली. एकात असं दिसलं की, तिथल्या एका तलावासाठी स्फटिकाची वाळू आणि झिओलाइट हे खनिज वापरून पाणी गाळायची सोय केली होती. झिओलाइट आजही पाणी शुद्ध करायला वापरतात. दुसऱ्यात मात्र उलट चित्र होतं. राजवाड्याजवळच्या आणि देवळाजवळच्या तलावांच्या गाळात पारा आणि विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाच्या खुणा मिळाल्या. इमारती रंगवायला माया लोक हिंगूळ हा पाऱ्याचा लाल खनिज रंग वापरत. तो दर पावसात धुऊन तलावात उतरत असणार.

एकाच शहरात, एकाच जंगलात, एका तलावाचं पाणी चांगलं आणि दुसऱ्याचं घातक. जागा प्राचीन आहे, निसर्गरम्य आहे, एवढ्याने ती आरोग्यदायी ठरत नाही. तिथली व्यवस्था कशी आहे, यावर ते ठरतं.

आपल्या शेजारची कान्हेरी

आता घरी येऊ. पवईच्या पलीकडे जे हिरवे डोंगर दिसतात, त्याच रांगेत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. बोरिवलीच्या फाटकापासून सहा-सात किलोमीटर. 100 हून अधिक लेणी एकाच डोंगरावर, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं तिथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. जुन्या लेखांत या डोंगराचं नाव 'कण्हसेल' किंवा 'कृष्णगिरी' असं येतं.

शाळेच्या सहलीत आपण तिथला मोठा चैत्य आणि बुद्धाच्या उंच मूर्ती पाहतो. माझ्यासारख्या डॉक्टरचं लक्ष मात्र दुसरीकडे जातं. बहुतेक लेण्यांच्या तोंडाशी जमिनीत एक चौकोनी भोक दिसतं. खाली वाकून पाहिलं की आत पाणी. हे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. शिलालेखांतला त्यासाठीचा शब्द आहे 'पोढी'. डोंगरउतारावर खडकात चर खोदून पावसाचं पाणी या टाक्यांकडे वळवलेलं आहे. टाकं आतून मोठं आणि तोंड लहान, त्यामुळे ऊन, पाचोळा आणि जनावरं यांपासून पाणी बऱ्यापैकी राखलं जातं. आत निजण्या-बसण्यासाठी दगडी ओटे आहेत. ओल्या जमिनीवर झोपावं लागू नये याची ती सोय. एका डोंगरावर शेकडो माणसांनी दाटीने राहायचं, तेही मुंबईच्या पावसात, आणि साथीने आजारी पडायचं नाही, तर पाणी आणि कोरडी जागा या दोन गोष्टी आधी हव्यात. त्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं.

भिक्षूंनी एरवी फिरत राहायचं आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, असा नियम होता. त्याला 'वर्षावास' म्हणतात. म्हणजे कान्हेरी ही मुळात मुक्कामाची जागा.

या मुक्कामाचा खर्च कोण करायचं, तेही भिंतींवर लिहिलेलं आहे. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथले व्यापारी आणि कारागीर दान देत. कल्याणच्या सोनाराने दिलेल्या टाक्याचा लेख आहे. मोठा चैत्य दोन व्यापारी भावांनी करवला. कुणी जमीन दिली, तिच्या उत्पन्नातून वर्षावासातल्या भिक्षूंना वस्त्रं मिळावीत म्हणून. अशी एक जमीन 'मंगलस्थान' गावात होती. ते गाव म्हणजे आजचं मागाठाणे, जिथे आता मेट्रोचं स्टेशन आहे. मुद्दल कधीच मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत. इसवी सन 843 च्या एका लेखातली वाटणी मला फार आवडते : 20 द्रम्म बुद्धाच्या पूजेसाठी, 3 विहाराच्या दुरुस्तीसाठी, 5 वस्त्रांसाठी आणि 1 ग्रंथांसाठी. दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवणारी सोसायटी आजही दुर्मीळ आहे!

पाहुणेही येत. 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशी मंडळींनी 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली. हजार वर्षांपूर्वीचं व्हिजिटर्स बुकच ते.

तिथे औषधं होती का?

काकांच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. याचं उत्तर बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, म्हणजे विनयपिटकात मिळतं. त्यात औषधांवर एक पूर्ण प्रकरण आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच मुख्य औषधं. भिक्षूंनी दुपारनंतर जेवायचं नाही हा नियम कडक होता, पण आजाऱ्याला ही पाच औषधं कधीही घ्यायची परवानगी होती. पुढे यादी वाढत जाते : हळद, आलं, वेखंड, हिरडा, बेहडा, आवळा. ती औषधं आज आपण वेगळ्या नजरेने तपासू, पण मुद्दा लक्षात घ्या. त्या काळात उपलब्ध असलेलं उत्तमातलं उत्तम औषध त्या लोकांनी आश्रमात आणून ठेवलं होतं. उपवासाचा नियम आणि औषध यांचा झगडा झाला, तेव्हा त्यांनी औषधाची बाजू घेतली.

त्याच ग्रंथात जीवक या वैद्याची एक गोष्ट आहे. वैशालीला लोक भिक्षूंना रोज पंचपक्वान्नं वाढू लागले. भिक्षू सुस्तावले, अंग जड झालं, आजारी पडायला लागले. जीवकाने ते पाहिलं आणि बुद्धाकडे जाऊन दोन गोष्टींची परवानगी मागितली : 'चंक्रमण', म्हणजे ठरावीक जागेत शांतपणे येरझाऱ्या घालणं, आणि 'जंताघर', म्हणजे बाष्पस्नानाची खोली. दोन्ही मान्य झाल्या. दुसऱ्या एका सुत्तात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, कष्टाची सवय राहते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि मन बराच वेळ स्थिर राहतं. आज मी पेशंटला जेवणानंतर चालायला सांगतो, तेव्हा यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाही.

म्हणजे आजच्या वेलनेस पॅकेजमधलं चालणं आणि वाफ या दोन्ही गोष्टी तिथे होत्या. पण त्या वैद्याने आजार बघून सुचवल्या होत्या, आणि चालू औषध काढून घेऊन दिलेल्या नव्हत्या.

आणखी एक प्रसंग आहे. एक भिक्षू जुलाबांनी आजारी होऊन घाणीत पडून होता आणि कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हतं. बुद्धाने आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं आणि मग सगळ्या भिक्षूंना जमवून सांगितलं की, तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तेव्हा एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच करायची. अशी नजर ठेवणारं माणूस जवळ असणं, ही कुठल्याही मुक्कामातली सर्वांत मोठी सोय. माझ्या त्या पेशंटला सहाव्या दिवशी सकाळी ती मिळाली नाही.

वैद्यांचं लेण्यांशी नातंही जुनं आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यात राजवैद्य मगिल याने दिलेल्या दानाचा लेख आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा इथल्या एका लेण्याचा दाता सोमदेव हा वैद्य होता आणि त्याचे वडीलही वैद्य होते. पुढे एकोणिसाव्या शतकात, 1839 साली, कान्हेरीच्या मोठ्या चैत्यासमोरचा स्तूप उघडून त्यातला ताम्रपट बाहेर काढणारे जेम्स बर्ड हेही पेशाने सर्जनच होते. आणि आपले डॉ. भाऊ दाजी लाड! ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले हे डॉक्टर एकीकडे अजिंठ्याचे शिलालेख वाचत होते आणि दुसरीकडे गरिबांना औषध देत होते. कुष्ठरोगावर त्यांनी एका देशी झाडाच्या बियांचं तेल वापरून पाहिलं आणि रोग्यांवर होणारा परिणाम बारकाईने तपासला. जुन्याचं प्रेम आणि तपासून घेण्याची सवय एकाच माणसात असू शकते, हे त्यांच्याकडून शिकावं.

विहार, तुळशी आणि आपला पवई तलाव

पवईकरांना पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत पाण्याचे हाल होते. विहिरी आणि टाक्या उन्हाळ्यात आटायच्या. मग हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार विहार तलाव बांधला गेला आणि 1860 मध्ये नळाने मुंबईला पाणी मिळू लागलं. 1879 मध्ये तुळशी तलाव झाला. 1891 मध्ये घाईने पवई तलाव बांधला. पहिल्या दोन तलावांचं पाणी आजही मुंबई पिते. पवईचं पाणी मात्र काही वर्षांतच पिण्यायोग्य नाही म्हणून सोडून द्यावं लागलं. तिन्ही तलाव एकाच डोंगराच्या कुशीत आहेत, तिन्हींवर पाऊस तोच पडतो. तिकालची गोष्ट इथेही तशीच.

साठवलेल्या पाण्याची दुसरी बाजू म्हणजे डास. मुंबईतल्या मलेरियाचा शोध घेऊन डॉ. बेंटली यांनी 1911 मध्ये अहवाल दिला. शहरातला मलेरिया पसरवणारा डास घराघरांतल्या उघड्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, हे त्यांनी दाखवलं. विहिरी बुजवा किंवा झाका म्हटल्यावर मोठा विरोध झाला, कारण कित्येक विहिरी लोकांच्या श्रद्धेच्या जागा होत्या. पाणी पवित्र असणं आणि निर्धोक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईने असं शिकून घेतलं. रिसॉर्टमधलं कमळांचं सुंदर कुंड पाहताना हे आठवा.

हवापालट आणि मद्रासचा प्रयोग

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी एक शब्द हमखास असायचा : हवापालट. आजारातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी माथेरानला किंवा पाचगणीला न्यायचे. क्षयरोगासाठी तर त्याशिवाय फारसा इलाजच नव्हता. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये 'बेल-एअर' हे सॅनटोरियम काढलं. स्वच्छ हवा, विश्रांती, दूध-अंडी. काही रोगी बरे होत, बरेच होत नसत.

मग क्षयावर औषधं आली, आणि प्रश्न पडला : औषध आहे तर डोंगरावर जायची गरज आहे का? 1956 मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. भारत सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद त्यात होते. क्षयरोग्यांचे दोन गट केले. दोघांना वर्षभर तीच औषधं दिली. एक गट सॅनटोरियममध्ये राहिला. तिथे चांगली हवा, सकस जेवण, सक्तीची विश्रांती होती. दुसरा गट आपल्या घरी राहिला. ही घरं गरिबांची होती, दाटीवाटीची, जेवण बेताचं. 1959 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही रोग्याला घरी ठेवल्यामुळे वाढला नाही. जगभरातली क्षयाची सॅनटोरियम पुढे ओस पडत गेली, त्यामागे हा प्रयोग मोठा आहे. आणि तो आपल्या देशात झाला, याचा मला अभिमान वाटतो.

याचा अर्थ चांगली हवा वाईट, असा मुळीच नाही. मधुमेह, ब्लडप्रेशर यांत चालणं, झोप, मोजकं जेवण, मनाची शांतता यांचा खरोखर फायदा होतो. पण औषधाचं काम औषध करतं आणि जागेचं काम जागा करते. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवलं की माणूस अडचणीत येतो.

मग जायचं की नाही?

जा, जरूर जा. फक्त निघण्यापूर्वी एवढं करा :

1. औषधं बंद करू नका. ब्लडप्रेशर, मधुमेह, थायरॉइड, फिट्स, दमा, रक्त पातळ ठेवणारी औषधं आणि स्टिरॉइड यांपैकी काहीही स्वतःहून थांबवू नका. काही औषधं अचानक थांबवली तर आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळतो.

2. उपवास किंवा हलका आहार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन जेवण कमी केलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या, म्हणजे ज्यांचं नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपतं, त्या उपवासात वेगळाच त्रास देऊ शकतात. डोस किती बदलायचा, हे डॉक्टर ठरवतील.

3. वाफेच्या खोलीत जपून. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्याला बाहेर येताना चक्कर येऊ शकते. आधी पाणी प्या, कमी वेळ बसा, एकटे जाऊ नका. हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी विचारा.

4. पाणी कुठलं, ते विचारा. झऱ्याचं आहे म्हणून उकळल्याशिवाय पिऊ नका. लेण्यांतल्या टाक्यांचं तर नकोच.

5. जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला. झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालल्यास लेप्टो. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर "मी जंगलात राहून आलो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

6. लेण्यांच्या कड्यांवर आग्यामोहोळ असतं. उग्र अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, दगड मारू नका.

7. सर्वांत जवळचं हॉस्पिटल किती दूर आहे, ते जाण्यापूर्वी माहीत करून घ्या. तिथे सर्पदंशावरची लस आहे का, रात्री गाडी मिळते का, हेही विचारा.

8. पक्षाघाताची खूण लक्षात ठेवा : तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं एक जरी दिसलं, तरी झोपवून ठेवू नका. घड्याळ पाहा आणि निघा. 108 ला फोन करा.

काकांच्या फॉर्मवरची ती ओळ मी खोडली. खाली त्यांच्या सगळ्या औषधांची नावं आणि वेळा लिहिल्या आणि मग सही केली. त्यांच्यासमोरच रिसॉर्टला फोन लावला. तिथले वैद्य समजूतदार निघाले. म्हणाले, ती ओळ छापील आहे, मी स्वतः कुणाची औषधं बंद करत नाही. मी म्हटलं, मग ती छापू नका. रात्रीचं जेवण तिथे फक्त सूपचं होतं, म्हणून काकांची संध्याकाळची एक गोळी सात दिवसांपुरती मी कमी केली.

दोघं आनंदाने जाऊन आले. काकांची साखर आणि प्रेशर, दोन्ही थोडं खाली आलं होतं. दोन महिन्यांनी पुन्हा होतं तिथे गेलं, कारण चालणं थांबलं होतं. तेव्हा मी त्यांना कान्हेरी सुचवली. आता महिन्यातून एका रविवारी दोघं तिथे जातात आणि इतर दिवशी संध्याकाळी पवई तलावाच्या काठाने चालतात. (सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवा.)

काठी घेऊन चालणारे माझे ते पेशंट दर महिन्याला येतात. ब्लडप्रेशर आता नीट आहे. गोळ्या एकही दिवस चुकत नाहीत. मागच्या वेळी इन्शुरन्सचा एक फॉर्म घेऊन आले होते. डाव्या हाताने सावकाश सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी तो शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली.